मिरजेचे यात्रेकरू

पंढरपुरास जाणारा विठ्ठलासाठीं जातो, नरसोबाच्या वाडीस जाणारा दत्तासाठीं जातो, आणि मिरजेस उतरणारा बहुधा डॉक्टरासाठीं उतरतो. पुणें, कोल्हापूर, बेळगांव व पंढरपूर या चारही बाजूंचे लोहमार्ग जेथें एकत्र येतात, त्या जंक्शनावर सकाळच्या गाड्यांतून उतरणारी मंडळी पाहिली म्हणजे ही एक निराळी यात्राच आहे, हें तेव्हांच ध्यानांत येतें. वारकऱ्याच्या खांद्यावर पताका असते. येथल्या यात्रेकरूच्या काखेंत क्ष-किरण-चित्रांचें पाकीट असतें, इतकाच काय तो भेद.

कृष्णाकांठच्या या गांवाचा लौकिक दोन गोष्टींवर उभा आहे: तंतुवाद्यें आणि दवाखाने. येथील सतार व तंबोरा यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. दवाखान्यांची कीर्ति विल्यम वानलेस या मिशनरी शस्त्रवैद्यांनीं १८९४ सालीं येथें रुग्णालय उघडलें तेव्हांपासूनची. ते १९३३ सालीं निवर्तले. पण सांगलीच्या वाटेवर त्यांच्या नांवाची वानलेसवाडी अद्यापि नांदत आहे. सातासमुद्रांपलीकडच्या आडनांवाला ‘वाडी’ जोडून आमच्या लोकांनीं त्यांना जणूं वतनदारच करून टाकलें! पुढें १९६२ सालीं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही येथेंच निघालें. त्यामुळें एका गल्लींत भोपळ्यावर टिचकी मारून नाद पाहणारा कारागीर, आणि दुसऱ्या गल्लींत रोग्याच्या पाठीवर बोट ठोकून तेंच करणारा डॉक्टर, असें दृश्य या गांवांत दिसतें.

या दोन विद्यांची गांठही येथें एकदां पडलेली आहे. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांची दृष्टि बालपणीं फटाक्याच्या अपघातानें अधू झाली, तेव्हां त्यांस उपचारासाठीं मिरजेस आणलें. डॉक्टर भडभडे यांच्या उपचारांनीं डोळे पूर्ववत् झाले नाहींत. परंतु या मुलानें गाणें शिकावें असा सल्ला त्यांनीं दिला, आणि मुलगा बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या हातीं गेला. त्याच मुलानें १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिलें. औषधाच्या जागीं गायन सुचविणारा वैद्य विरळाच!

वैद्य कसा असावा याविषयीं आपण सर्वच जण पुष्कळ बोलतों. रोगी कसा असावा, याचा विचार मात्र चरकाचार्यांनीं केला आहे. वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाय सांगून त्यांनीं रोग्याचेही चार गुण दिले आहेत: स्मृति, निर्देशकारित्व म्हणजे सांगितल्याप्रमाणें वागणें, अभीरुत्व म्हणजे निर्भयपणा, आणि ज्ञापकत्व म्हणजे आपलें दुखणें नीट सांगतां येणें. पुढें वाग्भटानें या यादींतून स्मृति काढून टाकली व तिच्या जागीं ‘आढ्य’, म्हणजे पैसेवाला, हा गुण सर्वांच्या आधीं आणून बसविला. वाग्भट चरकानंतरचा. तोंपर्यंत वैद्यमंडळींस व्यवहाराचा अनुभव आला असावा!

माझे एक वैद्यकव्यवसायी स्नेही मिरजेस आहेत. त्यांच्या दवाखान्यांतील बांकावर बसून हे चार गुण ताडून पाहण्याचा योग मला पुष्कळदां आला. स्मृतीचेंच पाहा. त्यांच्या मेजाच्या कांचेखालीं एक कागद आहे. त्यावर २००५ चा पूर, २०१९ चा पूर, २०२० ची टाळेबंदी अशी शकावली लिहिलेली आहे. ती कशासाठीं, हें एका आजीबाईंमुळें मला उमगलें.

“आजी, गुडघा केव्हांपासून दुखतो?”

“पूर आला व्हता बगा, तवापासनं.”

“कोणता पूर?”

“म्हस व्हावून गेली, त्यो.”

“म्हैस केव्हां गेली?”

“धाकट्याचं लगीन ठरलं व्हतं तवा.”

त्या धाकट्याचा मुलगा आतां पहिलींत आहे, एवढें निष्पन्न झाल्यावर डॉक्टरांनीं कागदाकडे पाहून २०१९ असें लिहिलें. इतिहाससंशोधक ताम्रपटाचा काळ याहून निराळ्या रीतीनें ठरवीत नाहींत.

निर्देशकारित्वाची कथा याहून सरस. एका शास्त्रीबुवांना रक्तांतील साखर तपासावयाची होती. “रात्रीपासून उपास करा आणि सकाळीं या,” असें डॉक्टरांनीं बजावलें. शास्त्रीबुवा वेळेवर हजर झाले. रक्त घेतलें. साखरेचा आंकडा पाहून यंत्र बिघडलें असावें अशी तपासनिसास शंका आली. चौकशी करतां कळलें, कीं बुवांनीं पहांटे साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस व दोन केळीं एवढाच फराळ केला होता. “धान्याचा कण शिवला असेल तर जानव्याची शपथ!” ते म्हणाले. डॉक्टर हंसूं लागले, तेव्हां बुवांनीं गंभीरपणें विचारलें, “आपण उपासाची व्याख्या कोठें केली होती?” तेव्हांपासून डॉक्टर प्रत्येकास सांगतात, “पाण्याखेरीज कांहीं घ्यावयाचें नाहीं. एकादशीचें देखील नाहीं.”

अभीरुत्व शरीराच्या आकारावर अवलंबून नसतें, हें एका पैलवानाकडे पाहून पटलें. दाराच्या चौकटींत न मावणारा तो गडी सुई पाहतांच पांढराफटक पडला. बरोबर सहासात वर्षांची मुलगी होती. तिनें बापाचा पंजा आपल्या दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, “आबा, तिकडं भिंतीकडं बगा. मी बी तसंच करते.” पैलवानानें भिंतीकडे पाहिलें व कार्य उरकलें. परिचारक हा चिकित्सेचा एक पाय कां मानला, तें त्या पोरीनें मला शिकविलें.

राहिलें ज्ञापकत्व. येथें भाषेची पहिली अडचण. अथणी, चिकोडी, रायबागकडचे कानडी रोगी मिरजेस नित्य येतात. त्यामुळें येथील मराठी डॉक्टरास ‘एल्लि नोवु?’ म्हणजे ‘कोठें दुखतें?’ एवढें तरी यावेंच लागतें. तथापि कानडी न कळणें हा खरा अडथळा नव्हे. एकच भाषा बोलणाऱ्या, सुशिक्षित, तुमच्याआमच्यासारख्या घरांतून येणाऱ्या रोग्याचें तोंड उघडणें अधिक कठीण, असा माझ्या स्नेह्यांचा अनुभव आहे.

एके दिवशीं एक निवृत्त हिशेबनीस पत्नीला घेऊन आले. “वहिनी, काय होतें आहे?” डॉक्टरांनीं विचारलें. “हिला थकवा येतो,” हिशेबनीस उत्तरले. “भूक लागते का?” “मुळींच नाहीं.” “झोंप?” “झोंप ठीक आहे.” वहिनी पदराचें टोंक बोटाला गुंडाळीत गप्प बसल्या होत्या. आठव्या प्रश्नाच्या सुमारास डॉक्टर म्हणाले, “आपल्यालाही थोडी कणकण दिसते, पाहूं बरें,” आणि त्यांनीं थर्मामीटर हिशेबनिसांच्या जिभेखालीं ठेवून दिला. बांकावरचे आम्ही सारे हंसलों. वहिनीही हंसल्या. मग हळूच म्हणाल्या, “काखेपाशीं गांठ लागते आहे. दिवाळीपासून.”

तेव्हां श्रावण चालू होता.

“इतके दिवस बोलला कां नाहींत?”

“नातवाची मुंज होती. मग यांचें मोतीबिंदूचें निघालें. म्हटलें, आपलें मागाहून पाहूं.”

थर्मामीटर केव्हांच वाजून थांबला होता. हिशेबनिसांनीं तो तोंडांतून काढला नाहीं. बांकावर कोणी हंसलें नाहीं. डॉक्टरांनीं तेथूनच दूरध्वनि करून त्याच दुपारीं वहिनींना मोठ्या रुग्णालयांत पाठविलें. शस्त्रक्रिया झाली. आणखी दोनतीन महिने गेले असते तर गोष्ट हाताबाहेर गेली असती, असें शस्त्रवैद्यांनीं सांगितलें. या प्रसंगास दोन वर्षें लोटलीं. वहिनी बऱ्या आहेत, आणि हिशेबनीस डॉक्टरांकडे आले कीं दाराशींच विचारतात, “आज मला ताप आहे काय?”

चरकाचार्यांनीं ज्ञापकत्व हा रोग्याचा गुण म्हटला, तें योग्यच आहे; पण बोलण्यास अवसर मिळाल्यावांचून तो गुण प्रकट होत नाहीं, आणि हा अवसर कित्येक वेळां घरांतच अडतो. वाचकहो, मिरजेस वा अन्यत्र कोठेंही घरच्या बाईमाणसाला डॉक्टरांकडे नेण्याचा प्रसंग आला, तर आदल्या रात्रीं तिच्याजवळ स्वस्थ बसून काय होतें व केव्हांपासून होतें, हें तिच्याच शब्दांत कागदावर उतरून घ्यावें. दवाखान्यांत तो कागद तिच्या हातीं द्यावा, आणि आपण बाहेरच्या बांकावर बसावें. तेथें करमणूक भरपूर होते, हें मी अनुभवानें सांगतों.