तीस दिवस, पाच जणी आणि रोजचं एक पान



निबंध शिकवताना आपण मुलांना नेहमी सांगतो, "रोज थोडं थोडं लिहा, म्हणजे लिहिता येईल." समर्थ रामदासांनीही रोज काही ना काही लिहीत राहावं असंच सांगितलं आहे. अनेक शाळांच्या भिंतीवर ते सुविचार म्हणून रंगवलेलं दिसतं. पण रोज लिहायचं म्हणजे नक्की काय करायचं? कशावर लिहायचं? कंटाळा आला तर काय? ते कुणी वाचायचं आणि कुणी नाही? याची उत्तरं करून बघितल्याशिवाय मिळत नाहीत. गेल्या वर्षी आम्ही पाच मैत्रिणींनी ते करून बघितलं. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यासमोर ठेवते.

आम्ही पाचही जणी डी.एड.ला एकत्र होतो. आता एक जव्हारकडे, एक इंदापूर तालुक्यात, एक उदगीरला, एक चिपळूणजवळ आणि मी पाटणच्या डोंगराळ भागात. सगळ्या प्राथमिक शाळेत शिकवतो. आमचा ग्रुप होता, पण त्यात सुप्रभातची फुलं, शासन निर्णयांच्या पीडीएफ आणि बदल्यांच्या बातम्या याशिवाय फारसं काही नसायचं. इंदापूरची मैत्रीण एकदा म्हणाली, "अगं, आपण रोज बोलतोय, पण कुणाचं काय चाललंय ते कुणालाच माहीत नाही." तिनेच हा संकल्प सुचवला. शाळा उघडली त्या दिवसापासून, म्हणजे १६ जून २०२५ पासून १५ जुलैपर्यंत, तीस दिवस रोज प्रत्येकीने स्वतःच्या दिवसाबद्दल लिहायचं.

नियम मोजकेच ठेवले.

१. रात्री दहाच्या आत किमान दहा ओळी. वहीत लिहून फोटो टाकला तरी चालेल.
२. विषय आजचाच. जुन्या आठवणी आल्या तर चालतील, पण सुरुवात आजपासून.
३. कुणी कुणाचं शुद्धलेखन सुधारायचं नाही. "छान", अंगठा, टाळ्या यातलं काहीही टाकायचं नाही. काही विचारावंसं वाटलं तर एक प्रश्न विचारायचा.
४. विद्यार्थ्याचं नाव लिहायचं नाही.
५. एखादा दिवस चुकला तर कारण द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी पुढे लिहायचं.

तिसरा नियम सगळ्यात कामाचा ठरला. "छान" म्हटलं की वाचणाऱ्याचं काम संपतं. प्रश्न विचारला की वाचावं लागतं. चिपळूणच्या मैत्रिणीने लिहिलं होतं, "आज पावसामुळे वर्गात चारच मुलं." त्यावर एकीने विचारलं, "चार मुलांना काय शिकवलंस?" त्या एका प्रश्नाने दुसऱ्या दिवशीचं लेखन पानभर झालं. चौघांना घेऊन ती खिडकीशी बसली होती, पन्हळीचं पाणी बादलीत पडायला किती वेळ लागतो ते त्यांनी मोजलं आणि त्यातून लिटर-मिलिलिटरचा पाठ झाला. प्रश्न आला नसता तर तो पाठ त्या वर्गातच राहिला असता.

पहिला आठवडा उत्साहात गेला. प्रवेशोत्सव, नवी पुस्तकं, पहिलीतली रडणारी बाळं. लिहायला विषय हवे तेवढे. दुसऱ्या आठवड्यात मात्र गाडी अडखळली. पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती भरणं, केंद्रातली बैठक, घरी आल्यावर स्वयंपाक. साडेनऊ वाजता फोन हातात घेतला की वाटायचं, आज काय झालं? काहीच नाही. जव्हारची मैत्रीण तर म्हणाली, "बायांनो, रोज तेच आहे. भाताची लावणी सुरू झाली, मुलं शेतावर. मी रोज तेच लिहू का?" आम्ही म्हटलं, लिही. मग तिने रोज फक्त एवढंच टिपायला सुरुवात केली, की आज कोण आलं नाही आणि घरी जाऊन विचारल्यावर काय कळलं. कुणी धाकट्या भावाला सांभाळायला बांधावर बसलं होतं, कुणी रोपांच्या मुठी पोहोचवत होतं, कुणाकडे एकच छत्री होती आणि ती मोठ्या बहिणीकडे गेली होती. हजेरीपटावर या सगळ्यांपुढे 'गैरहजर' हीच एक खूण. तिच्या बारा-तेरा दिवसांच्या नोंदी एकत्र वाचल्यावर आम्हाला त्या गावचा पाऊस कळला.

त्याच सुमारास तुकोबांची पालखी इंदापूरला मुक्कामाला आली. तिथल्या मैत्रिणीने तीन दिवस आम्हाला जणू वारीतच नेलं. कुणाच्या पायाचे फोड, कुणाची डोक्यावरची तुळस, रस्त्याकडेला पाण्याचे पेले भरून उभी असलेली तिची मुलं. "काय लिहू?" हा प्रश्न तिला त्या तीन दिवसांत पडला नाही. पण पालखी पुढे गेल्यावर चौथ्या दिवशी तिने जे लिहिलं ते मला जास्त आवडलं. शाळेच्या व्हरांड्यात मागे राहिलेली एकच चप्पल, आणि ती कुणाची असेल यावर चौथीच्या मुलांत झालेली चर्चा.

रोजचं लिहिणं अंगवळणी पडायला किती दिवस लागतात? २१ दिवस असं सर्रास सांगतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. रोज ठरावीक वेळी फळ खाणं, पाणी पिणं, व्यायाम अशी एखादी गोष्ट करायची आणि ती आपोआप होऊ लागायला किती दिवस लागतात ते बघायचं. सर्वसाधारणपणे ६६ दिवस लागले, पण माणसामाणसात फरक मोठा होता, १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. आणखी एक गोष्ट त्यात दिसली. एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. आपल्या वर्गासाठी हे महत्त्वाचं आहे. एक दिवस वही राहिली की मूल म्हणतं, "बाई, आता माझं मोडलं," आणि सोडून देतं. आमचा पाचवा नियम त्यासाठीच होता. पाच जणींच्या मिळून दीडशे नोंदी व्हायला हव्या होत्या, झाल्या १३१. पण मध्येच सोडून कुणीही गेलं नाही.

आता उदगीरच्या मैत्रिणीबद्दल. तिला विचारून, तिच्या परवानगीनेच हे लिहिते आहे.

तिची आई तिच्याजवळ असते. सुरुवातीला आईचे उल्लेख सहज यायचे. चौथ्या दिवशी लिहिलं होतं, "आज आईने चहात दोनदा मीठ घातलं. आम्ही दोघी हसलो." अकराव्या दिवशी, "आईने बाबांचा डबा भरून ठेवला. बाबांना जाऊन सात वर्षं झाली." एकोणिसाव्या दिवशी चारच ओळी होत्या. संध्याकाळी आई 'माहेरी जायचंय' म्हणून पिशवी घेऊन निघाली आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने तिला घरी आणून सोडलं.

त्या रात्री कुणीही प्रश्न विचारला नाही. दुसऱ्या दिवशी चिपळूणच्या मैत्रिणीने सरळ फोनच केला.

आमच्यात एक चर्चाही झाली. आईबद्दल असं लिहावं का? आईला कळलं तर काय वाटेल? एकीचं म्हणणं होतं की हे घरातलं आहे, ग्रुपवर नको. उदगीरची मैत्रीण म्हणाली, "मी हे कुठेच बोलू शकत नाही. भावाला सांगितलं तर तो म्हणतो, वय झालंय, विसरायचंच. इथे लिहिते तेव्हा निदान मला खरं वाटतं की हे घडतंय." त्यावर आम्ही एवढंच ठरवलं की इथलं इथेच राहील, पुढे पाठवायचं नाही.

महिना संपल्यावर ती आईला घेऊन लातूरला डॉक्टरांकडे गेली. भाऊही आला होता. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "हे कधीपासून आहे?" भाऊ म्हणाला, "वयोमानानं, दोन-तीन वर्षं असेल." हिने मोबाइल काढला आणि तारखेनुसार वाचून दाखवलं. कुठल्या दिवशी काय झालं, सकाळी की संध्याकाळी, त्या दिवशी जेवली होती का, झोपली होती का. डॉक्टरांनी ते सगळं उतरवून घेतलं. थायरॉइड, बी-१२ अशा तपासण्या आधी केल्या, कारण त्यांच्या कमतरतेनेही विसरायला होतं आणि ते औषधाने सुधारू शकतं. तिच्या आईचं तसं नव्हतं. तो स्मृतिभ्रंशच निघाला. उपचार चालू आहेत, आई पूर्वीसारखी होणार नाही हेही सांगितलं गेलं आहे. परतीच्या एसटीत भावाने तिचा फोन मागून घेतला आणि तीसही दिवसांचं वाचून काढलं. आता तो महिन्यातून दोन रविवारी येतो आणि दिवसभर आईजवळ बसतो. त्या दोन दिवशी ती झोप काढते.

लिहिल्याने आई बरी झाली नाही. पण तारीख घालून लिहिलेल्या चार ओळींनी जे काम केलं, ते आठवणीच्या भरवशावर झालं नसतं.

तीस दिवस संपले तसं, १६ जुलैपासून, मी हे माझ्या पाचवीच्या वर्गात नेलं. ही कल्पना नवी नाही. साने गुरुजी अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. रोज स्वतःच्या हाताने लिहून मुलांपुढे ठेवत. आधी शिक्षकाने लिहायचं आणि मग मुलांनी, ही रीत मी तिथून घेतली. रोज सकाळी परिपाठानंतर मी फळ्यावर माझ्या कालच्या दिवसाच्या पाच ओळी लिहिते. मग मुलं आपापल्या 'रोजच्या वही'त पाच ओळी लिहितात. दहा मिनिटांचं काम.

एक मुलगा सहा दिवस सलग एकच वाक्य लिहीत होता, "काल काही झालं नाही." मी खाली लिहिलं, "काही झालं नाही तेव्हा घरात कोण कोण होतं?" सातव्या दिवशी त्याने लिहिलं, "आजी होती. ती शेंगा फोडत होती. मला म्हणाली दाणे खाऊ नको बियाण्याचे आहेत. मी तीन खाल्ले." दुसऱ्या एका मुलाच्या वहीत आलं, "रात्री म्हैस व्याली. रेडी झाली. मी आणि पप्पा जागे होतो. आज झोप येणार." त्या दिवशी त्याला दुपारच्या तासाला डुलक्या आल्या तेव्हा त्याला उभं करायची वेळ आली नाही. दप्तर उशाला घेऊन तो अर्धा तास झोपला.

मग एक आई शाळेत आल्या. म्हणाल्या, "बाई, पोरगी वही दप्तरात लपवती. काय लिहिती ते मला वाचायला द्या." त्यांची काळजी खरी होती. मी म्हटलं, "ताई, वही तिची आहे. तिला विचारूया." मुलीने थोडा विचार केला आणि सांगितलं, दोन पानं सोडून बाकी दाखवते. ती दोन पानं आम्ही दोघींनीही पाहिली नाहीत. त्या दिवसापासून वर्गात नियम केला. दुमडलेलं पान कुणीही वाचायचं नाही, बाईंनीसुद्धा. मात्र मुलांना पहिल्याच दिवशी हेही सांगितलं आहे, की वाचलेल्या पानात कुणाला मारहाण, भीती किंवा त्रास होत असल्याचं दिसलं तर मी गप्प बसणार नाही, मदत मागणार. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेला असतो.

ज्यांना करून बघायचं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तारीख घाला. वेळ ठरवा, तीच ठेवा. लाल पेन या वहीला लावू नका, शुद्धलेखनासाठी दुसरी वही आहे. उत्तर म्हणून शेरा नको, एक प्रश्न द्या. मुलाच्या परवानगीशिवाय वर्गात वाचून दाखवू नका. आणि पालकांनो, घरी मूल लिहीत असेल तर शेजारी बसून तुम्हीही तुमच्या दिवसाच्या पाच ओळी लिहा. "काय लिहिलंस?" हे विचारण्याआधी आपलं दाखवा.

आमचा दुसरा महिना दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू झाला. यावेळी आम्ही सहा जणी होतो. सहावी कोण, तर उदगीरच्या मैत्रिणीची वहिनी. ती शिक्षिका नाही, घरी शिवणकाम करते. तिची पहिली नोंद ब्लाउजच्या बाह्यांवर होती आणि त्यावर रात्री दहापर्यंत चार प्रश्न आले होते.