आमच्या पोट्ट्यांना 'जी' कोण म्हणणार?

आमच्या गावाचं नाव सरकारी कागदावर 'आंजी (मोठी)' असं लिहितात. वर्ध्याहून आर्वी रस्त्यानं निघालं की लागते. नावात मोठेपण आहे, कंसात का होईना. पण गावात लहान कोण अन् मोठं कोण, हे कागदावर नसते. ते जिभेवर असते. कोण कोणाला 'अबे' म्हणते अन् कोणाला 'जी', यावरून कळते.

'जी' हा आमच्या वऱ्हाडी बोलीतला मोठा गोड शब्द. 'हो जी', 'काऊन जी', 'या बसा जी'. पण हा शब्द फक्त खालून वर चढते. मजूर मालकाला जी म्हणते, सून सासऱ्याला, पोट्टं मास्तराला. वरून खाली उतरताना त्याचं 'बे' होते.

इकडच्याच एका शाळेत आमच्या घरची पोट्टी तिसरीत होती. शाळेचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की एकच शाळा बदनाम होते अन् बाकीच्या साऱ्या सुटतात. पोट्टी रोज सकाळी म्हणे, पोटात दुखते. दवाखाना झाला, गोळ्या झाल्या. रविवारी मात्र पोट ठणठणीत. शेवटी माझी माय म्हणाली, "पोट नाही दुखत बाप्पा तिचं. तिले शाळा दुखते."

विचारलं तर बराच वेळ बोलली नाही. मग एकेक निघालं. कोणी मारलं नव्हतं. वेगळं बसवलं नव्हतं. नळाला हात लावू नको असंही कोणी म्हटलं नव्हतं. पण हजेरीत बाकीच्या पोरांना नावानं पुकारत, वस्तीतल्या पोरांना आडनावानं. अन् आडनाव म्हणजे आमच्याकडं जातीचा दाखलाच. वर्ग झाडायची पाळी साऱ्यांची, पण फिरून फिरून तिच्यावर यायची. तेव्हा सरकारी गणवेश साऱ्या मुलींना मिळे. मुलांत मात्र अनुसूचित जाती-जमातीच्या अन् दारिद्र्यरेषेखालच्या मुलांनाच. म्हणून तिच्या भावाला वर्गात उभं करून मोजत, 'फुकटवाले उभे राहा'. बसलेली पोरं हसत. त्यातल्या कित्येकांच्या घरीही दुसरा सदरा नव्हता, पण हसायला एक जागा मिळाली होती.

बाबासाहेबांनी आपल्या शाळेतलं लिहून ठेवलं आहे. बसायला घरून नेलेलं गोणपाट. शिपाई नसला तर पाणी नाही. तो अपमान डोळ्याला दिसत होता, त्यावर बोट ठेवता येत होतं. आताचा अपमान आवाजात असते. त्याचा पंचनामा होत नाही.

7 नोव्हेंबर 1900 ला भिवा साताऱ्याच्या शाळेत दाखल झाला. म्हणून 2017 पासून महाराष्ट्रात तो दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळतात. त्या शाळेतही पाळला. फोटोला हार, भाषण, टाळ्या. भाषण संपलं अन् लगेच हुकूम सुटला, 'चाल बे, खुर्च्या उचल'. कोणाला म्हटलं, ते तुम्हाला सांगायला नको.

वर्ध्यातच ऑक्टोबर 1937 मध्ये गांधींची शिक्षण परिषद भरली होती. हाताच्या कामातून शिक्षण द्यावं, असं तिथं ठरलं. चांगलं ठरलं. पण आमच्या हातांना काम कोणी शिकवायची गरज नव्हती, ते पिढ्यान् पिढ्या तेच करत होते. आम्हाला नाव पाहिजे होतं. पोट्टं शाळेत शिरलं की त्याला नावानं हाक यावी, इतकीच भूक.

मी भांडायला एकटा गेलो नाही. वस्तीतल्या अन् वस्तीबाहेरच्याही पालकांना घेऊन गेलो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 म्हणते, मुलाला मारायचं नाही अन् मानसिक त्रासही द्यायचा नाही. कलम 21 म्हणते, शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक पाहिजेत, निम्म्या बाया पाहिजेत, अन् वंचितांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा पाहिजे. आम्ही तीन गोष्टी मागितल्या. हजेरी साऱ्यांची नावानं घ्या. पाळीचा तक्ता भिंतीवर लावा. फुकटाच्या नावानं कोणाला उभं करू नका.

एक जण म्हणाला, पोट्टे लाडावतील. आमच्याच वस्तीतला एक बाप म्हणाला, "दोन रट्टे बसल्याबिगर पोट्टं शिकते का जी?" मी म्हटलं, फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे आठव. मांग-महारांच्या दुःखाचा जाब विचारणारा तिचा निबंध 1855 साली 'ज्ञानोदया'त छापला गेला. पोरीला शाळेत माणूस म्हणून वागवलं, म्हणून तिला जाब विचारता आला. रट्टे खाऊन पोट्टं एकच गोष्ट शिकते, गप बसणं.

हजेरी बदलली. तक्ता लागला. गणवेशाची मोजणी पुढं 2023 मध्ये सरकारनंच संपवली, साऱ्या पोरांना गणवेश द्यायचं ठरवून. म्हणजे मन बदलायची वाट न पाहताही एक अपमान बंद होते.

पण मोठी गोष्ट केली एका तरुण मॅडमनी. त्यांनी पोरांनाच 'जी' म्हणायला सुरुवात केली. 'बसा जी', 'पाटी दाखवा जी'. पहिले दोन दिवस पोट्टे खदाखदा हसले. मग आपसात तसंच बोलायला लागले. एक दिवस एका मोठ्या कास्तकाराचं पोरगं आमच्या पोट्टीला म्हणालं, "आज माही पाळी हाये, फडा दे जी." तिनं घरी येऊन हे तीनदा सांगितलं. पोटदुखी एका दिवसात गेली नाही. पण कमी होत गेली.

दोस्तहो, 14 एप्रिलची मिरवणूक काढा, फलक लावा. पण शाळा सुरू झाली की एका सकाळी हजेरीच्या वेळी खिडकीजवळ उभे राहा. समितीत आपल्यातलं कोण आहे, विचारा. घरीही आपण पोट्ट्यांना कसं बोलावतो, ते ऐका. वर्गात आपल्या पोराला नावानं हाक येत नसेल, तर आत जा. आवाज चढवायची गरज नाही. इतकंच म्हणा, "गुरुजी, पोराचं नाव घ्या जी."