हवाई दलात जायचंय? मेडिकल शेवटी असतं, तपासणी आधी करा

नगरकरांना सैन्य नवीन नाही. रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र इथेच, यांत्रिकी पायदळाचं केंद्रही इथेच. पाथर्डी, पारनेर, शेवगाव, जामखेड, कुठूनही आलेल्या रुग्णाशी दोन शब्द बोललं की भावकीतलं कुणीतरी फौजेत असल्याचं कळतं. त्यामुळे भरतीची तयारी करणारी मुलं माझ्या दवाखान्यात नेहमीच येतात. अलीकडे त्यात ‘अग्निवीरवायू’ची, म्हणजे हवाई दलाच्या भरतीची तयारी करणारी बरीच असतात. पहाटे पळायचं, दुपारी अकॅडमीत बसायचं आणि फॉर्म भरायची वेळ आली की माझ्याकडे यायचं, “सर, फिटनेस सर्टिफिकेट पाहिजे.”

अडचण इथूनच सुरू होते. भरतीत आधी ऑनलाइन परीक्षा होते. मग पळणं, उठाबशा वगैरे. नंतर सैन्याच्या जीवनाशी जुळवून घेण्याची चाचणी. मेडिकल अगदी शेवटी. महाराष्ट्रातल्या बऱ्याच मुलांना निवडीच्या पुढच्या टप्प्यांसाठी मुंबईत कॉटन ग्रीनच्या केंद्रावर जावं लागतं. म्हणजे दोन वर्षांचे कष्ट, क्लासची फी, खोलीचं भाडं हे सगळं झाल्यावर कळतं की शरीरात जन्मापासून असलेली एक गोष्ट चालणार नाही.

पाथर्डी तालुक्यातला एक मुलगा असाच आला होता. आईवडील बरोबर होते. लेखी पास, पळण्यात पहिल्या पाचांत, आणि मेडिकलला रंगांधळेपणामुळे बाद. वडील म्हणाले, “डॉक्टर, काहीतरी औषध द्या. पोरगं दोन वर्षं पळतंय.” मी ठिपक्यांच्या चित्रांचं पुस्तक काढलं. आईला प्रत्येक आकडा दिसत होता, मुलाला बहुतेक पानांवर नुसते ठिपके. मी विचारलं, “घरात आणखी कुणाला रंगांचा घोटाळा होतो का?” आई जरा हसली. “माझ्या भावाला. पिकलेलं डाळिंब त्याला वळखू येत नाही. आम्ही चेष्टा करतो त्याची.”

लाल-हिरव्या रंगांची ही उणीव बहुधा एक्स गुणसूत्रावरून येते. बाईकडे दोन एक्स असतात, एक सदोष असला तरी दुसरा सांभाळून घेतो, म्हणून तिला स्वतःला सहसा काही जाणवत नाही. मुलाकडे एकच एक्स असतो आणि तो आईकडूनच येतो. हे सांगितलं तेव्हा ती माउली रडायला लागली. “म्हणजे माझ्यामुळंच झालं ना?” मी म्हणालो, “ताई, कुठलं गुणसूत्र मुलाला द्यायचं हे कुणाच्याच हातात नसतं. त्यात तुमची चूक काय?” मुलगा मान खाली घालून बसला होता. त्याने एकच प्रश्न विचारला, “सर, हे दहावीत कळलं असतं का?” हो, पाच मिनिटांत कळलं असतं. म्हणून हा लेख.

जन्मजात रंगांधळेपणावर आज औषध नाही, ऑपरेशन नाही, व्यायाम नाही. रंगीत काचा किंवा लेन्स विकणाऱ्यांवर पैसे घालवू नका. त्यांनी रंगांतला फरक थोडा वेगळा भासतो, दृष्टी बदलत नाही. चित्रांतले आकडे पाठ करून जाणारीही मुलं भेटतात. तसं करू नका. जपानचे डॉक्टर इशिहारा यांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेली ही चित्रं मुळात सैन्यभरतीसाठीच तयार केली होती. “मला कुठे विमान चालवायचंय?” असंही मुलं म्हणतात. खरं आहे, हवाई दलातली बहुतेक माणसं जमिनीवरच काम करतात. पण तिथेही तारांचे रंग, इशाऱ्याचे दिवे असतात, आणि ते चुकले तर जीव दुसऱ्याचा जातो.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी तीन गट करून सांगतो.

पहिला गट, न बदलणारा. रंगदृष्टी आणि पूर्ण वाढ झाल्यानंतरची उंची त्यात येते. हाडांच्या टोकांची वाढीची जागा बंद झाली की कोणत्याही पावडरीने उंची वाढत नाही. गुडघ्यांचंही तसंच. सरळ उभं राहून गुडघे टेकवा आणि दोन घोट्यांमधलं अंतर मोजा. ते पाच सेंटिमीटरहून जास्त असेल तर अडचण येऊ शकते. पायांत उशी धरून झोपल्याने अठराव्या वर्षी हाड सरळ होत नाही.

दुसरा गट, वेळेत उपचार केले तर सुटणारा. कानातला मळ आणि दातांवरचं किटण आधीच काढून घ्या, पण कानात काडी घालू नका. पडदा फाटला तर साधी गोष्ट मोठी होते. अंडकोषात पाणी साठणं, तिथल्या शिरा फुगणं, मूळव्याध, हर्निया या गोष्टी मुलं लाजून लपवतात. मेडिकलला कपडे काढावेच लागतात, तिथे लपत काही नाही. ऑपरेशन लागलं तर त्यानंतर ठरावीक काळ जावा लागतो, म्हणून भरतीच्या महिनाभर आधी नाही, वर्षभर आधी दाखवा. आणि खाली उतरलेलं नसलेलं अंडकोष भरती असो-नसो, दाखवायलाच हवं. पुढे कर्करोगाचा धोका असतो.

तिसरा गट, उगाच घाबरवणारा. सपाट तळपाय म्हणून रडणारी मुलं येतात. ओला पाय शहाबादी फरशीवर उमटवून पाहिलेला असतो. टाचा उचलून चवड्यांवर उभं राहिल्यावर तळव्याची कमान दिसत असेल आणि पळताना दुखत नसेल, तर सहसा अडत नाही. भीतीने वाढलेला रक्तदाब, आदल्या दिवशी जोरात पळाल्यामुळे लघवीत आलेलं प्रथिन हेही यातलंच. मेडिकलच्या आधी दोन दिवस विश्रांती, भरपूर पाणी आणि पुरेशी झोप घ्या. ‘स्टॅमिना’ची इंजेक्शनं मात्र अजिबात नकोत.

डोळ्यांचं वेगळं सांगतो, कारण इथे पैसे खर्च करून दार बंद करून घेतलेली मुलं मी पाहिली आहेत. अग्निवीरवायूसाठी चष्म्याशिवाय प्रत्येक डोळ्याची नजर किमान ६/१२ आणि चष्म्याने ६/६ मागतात. ६/१२ म्हणजे चांगल्या डोळ्याला बारा मीटरवरून जे दिसतं ते सहा मीटरवर दिसणं. नंबर घालवायला काही जण लेसिक करून घेतात. पण या भरतीच्या आजवरच्या जाहिरातींत लेसिकसारखी बुबुळाची शस्त्रक्रिया चालत नाही असं स्पष्ट लिहिलेलं आहे. अधिकाऱ्यांच्या भरतीचे नियम वेगळे असतात. त्यामुळे आधी त्या वर्षीची जाहिरात वाचा, मगच डोळ्याला हात लावा. गोंदण्याचंही तसंच, ते शरीरावर कुठे आहे यावर बरंच अवलंबून असतं.

आणि एक विनंती. लहानपणी फिट आली असेल, दमा असेल, तर दडवू नका. नियम तुमच्यासाठीही असतात. रात्रपाळीत हातात बंदूक असताना आलेली फिट तुमच्या जिवावर बेतेल.

बाद झालात तरी दोन गोष्टी लक्षात ठेवा. कारण नीट समजून घ्या आणि मुदतीत अपील करा. फेरतपासणीत पास होणारी मुलं असतात. दुसरं, ‘अनफिट’ म्हणजे आजारी नव्हे. ती एका विशिष्ट कामासाठीची मोजपट्टी आहे. घरच्यांनी, विशेषतः वडिलांनी, त्या रात्री मुलाला एकटं सोडू नये. गावात काय सांगायचं याचा विचार नंतर करता येतो. निवड झाली तरी ही नोकरी चार वर्षांची आहे आणि पुढे कायम होणारे जास्तीत जास्त २५ टक्के, म्हणजे शिक्षण सगळ्यांनाच चालू ठेवावं लागणार आहे.

मुलगा दहावीत असेल आणि गणवेशाची स्वप्नं पाहत असेल, तर एकदा डोळे, कान, दात, गुडघे आणि रक्तदाब तपासून घ्या. अकॅडमीची फी भरण्याआधी. जिल्हा रुग्णालयात किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे सुरुवात होऊ शकते. रंगांची चित्रं तर आवर्जून दाखवायला सांगा, आणि मामाला रंग ओळखू येतात का, हेही घरी विचारा.