तसबिरीची कड

चवथ जवळ आली की आमच्या दुकानी गर्दी होऊ लागते. घरोघर भिंतींस रंग चढतो, देव्हाऱ्याची झाडलोट होते, आणि पावसाने बुरसलेल्या देवादिकांच्या तसबिरी खाली उतरवून कुणी पिशवीत घालून, कुणी जुन्या लुगड्यात गुंडाळून फोंड्याच्या बाजारात आणतात. तसबिरीस चौकट घालण्याचा हा धंदा आम्ही तीर्थरूपांच्या हाताखाली शिकलो, त्यास आता चाळीसांहून अधिक वर्षे झाली. त्यातील चार गोष्टी येथे सांगाव्यात असे मनात आहे. नव्याने दुकान मांडणाऱ्या मुलांस त्यांचा उपयोग होईल, आणि तसबीर घेऊन येणाऱ्या भाविकांसही आपली वस्तू कशी राखावी हे कळेल.

हा धंदा दिसतो तितका सोपा नाही. प्रथम पट्टीचे गणित घ्या. चित्र १२ इंच रुंद व १६ इंच उंच असेल, तर त्याची परिमिती ५६ इंच झाली. पट्टी १ इंच रुंद असेल, तर रुंदीच्या आठपट म्हणजे ८ इंच त्यात मिळवावे. एकूण ६४ इंच, आणि वर करवतीच्या भुशासाठी २ इंच. चार कोपऱ्यांचे तिरके काप आठ असतात. प्रत्येक कापात अर्ध्या अंशाची चूक एकाच बाजूस राहिली, तर तीन कोपरे बरोबर बसून चौथ्या कोपऱ्यात चार अंशांची फट उरते. ती लांबीने बुजवून वर सोनेरी रंग फासणारे कारागीर आहेत. परंतु एक पावसाळा गेला की लांबी गळते आणि कारागिरी उघडी पडते. म्हणून समोरासमोरच्या दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून टोकांवरून बोट फिरवावे. बोटाला पायरी लागता कामा नये. चौकट जोडल्यावर दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे भरले तरच चौकट काटकोनात आली असे समजावे.

खाचेचे माप चित्राहून एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, अधिक ठेवावे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच ओली असते. त्या हवेत लाकूड फुगते, पुठ्ठा फुगतो, कागदही पसरतो. पसरावयास जागा नसली म्हणजे कागदाला लाटा येतात. गिऱ्हाईक म्हणते, चित्र बिघडले. चित्र बिघडलेले नसते, आपण त्यास कोंडलेले असते.

हे सर्व आम्हांस अठराव्या-एकोणिसाव्या वर्षीच येत होते. येत नव्हते ते निराळेच होते, आणि ते शिकावयास फार मोठी किंमत पडली. ती किंमतही दुसऱ्याने मोजली.

चवथीला दोन दिवस राहिले होते. तीर्थरूप काच आणण्यासाठी मडगावला गेले होते. दुकानात आम्ही एकटे. सकाळी एक वृद्ध बाई लक्ष्मीची शिळाछाप तसबीर घेऊन आली. १८७८ साली पुण्यास चित्रशाळा निघाली, १८९४ साली राजा रविवर्म्यांनी मुंबईत आपला छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. अशा छापखान्यांतून निघालेली चित्रे गावोगावच्या देव्हाऱ्यांत जाऊन बसली. राजवाड्यांत टांगलेली देवी तेव्हा प्रथम साध्या माणसाच्या घरी आली. बाईंची तसबीर त्याच जातीची होती. लक्ष्मीच्या लुगड्यावर कुणीतरी हौसेने जर व टिकल्या चिकटवल्या होत्या. चौकट वाळवीने खाल्लेली होती, चित्र मात्र शाबूत होते.

"आजच्या आज होईल का?" असे बाईंनी विचारले. नवी चौकट करावयास वेळ नव्हता. फळीवर एक तयार चौकट होती. ती बहुतेक बसत होती, केवळ खालच्या बाजूस दोन बोटे कागद जास्त होत होता. पांढरी कडच ती! आम्ही पोलादी पट्टी लावली, धारेचे पाते ओढले आणि कड कापून टाकली. काप अगदी सरळ आला, याचा आम्हांस अभिमानच वाटला.

संध्याकाळी बाई आली. तसबीर हातात घेऊन तिने ती दिव्याकडे धरली आणि पुष्कळ वेळ पाहत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "पुता, ती सकयली वळ खंय गेली?"

आम्हांस प्रथम उमगलेच नाही. मग तिने सांगितले. ही तसबीर तिच्या वडिलांनी तिला लग्नात दिली होती. खालच्या पांढऱ्या कडेवर त्यांनी शाईने लग्नाची तिथी लिहिली होती आणि तिचे नाव लिहिले होते. माहेरचे नाव. सासरी आल्यावर नाव बदलले, ते नवेच पुढे चालले. जुन्या नावाने हाक मारणारी माणसे एकेक करून गेली. ते नाव आता लिहिलेले असे त्या कडेवरच काय ते उरले होते.

आम्ही धावत शेजारच्या चहाच्या दुकानी गेलो. दुकानातला भुसा आणि कागदाचे कपटे रोज दुपारी त्यांच्या चुलीसाठी जात. चूल विझत आली होती, राख ढवळून पाहण्यातही अर्थ नव्हता.

बाईंनी आवाज चढवला नाही. रात्री तीर्थरूप परतले. त्यांनी सर्व ऐकून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी पैसे परत देण्यास आम्हांस तिच्या घरी पाठवले. तिने पैसे घेतले नाहीत, गूळ-पाणी मात्र दिले. परत आल्यावर तीर्थरूप एवढेच म्हणाले, "चौकट चित्राप्रमाणे करायची असते, चित्र चौकटीप्रमाणे नव्हे."

त्यापुढची आमची सारी कारागिरी या एका वाक्यातून निघाली आहे. आपण जे करू ते उद्या दुसऱ्यास चित्राला इजा न करता सोडवता आले पाहिजे, ही आमची कसोटी. चित्र पुठ्ठ्यावर सबंध चिकटवू नये. फेविकॉल नको आणि पारदर्शक चिकटपट्टी तर मुळीच नको. काही वर्षांत तिचा पिवळा डाग कागदात उतरतो. पातळ हातकागदाच्या दोन लहान पट्ट्या घ्याव्यात, गव्हाच्या पिठाची खळ लावावी आणि चित्र वरच्या कडेपाशी मागून टांगते ठेवावे. खालची बाजू मोकळी. खळ पाण्याने सुटते, हा तिचा मोठा गुण.

काच चित्राला टेकू देऊ नये. मध्ये पुठ्ठ्याची खिडकी ठेवावी, निदान खाचेत बारीक काड्या बसवाव्यात. या जुन्या छापांवर रोगणाचा हात असतो. ओल धरली की ते काचेला चिकटते. असे चिकटलेले चित्र कधीही ओढून काढू नये. काचेसकट तसेच नव्या चौकटीत बसवावे आणि गिऱ्हाइकास खरे ते सांगावे. चित्रामागे वर्तमानपत्राची रद्दी घालण्याची जुनी रीत आहे, तीही सोडावी. रद्दीतील आम्ल चित्रात उतरते आणि कागद तांबूस होऊन भुरभुरू लागतो. उघड्या लाकडी फळीचेही तसेच. आता आम्लविरहित पुठ्ठा मिळतो. दोन पैसे जास्त पडतात, ते घ्यावेत. सर्वांत मागे जाड कागद कडेने चिकटवून पाठ बंद करावी म्हणजे कसर आत शिरत नाही. खालच्या दोन कोपऱ्यांस बुचाचे तुकडे लावावेत म्हणजे तसबीर भिंतीपासून सुटी राहते आणि मागून वारा खेळतो.

भाविकांसही एक विनंती आहे. देवाला गंध-कुंकू लावावे हे खरे, परंतु काचेवर लावलेले ओले गंध ओघळून खालच्या खाचेत जाते आणि तेथून कागद ते शोषून घेतो. आमच्याकडे येणाऱ्या तसबिरींपैकी पुष्कळशा खालच्या कडेसच कुजलेल्या असतात. गंध लावावयाचे तर चौकटीच्या लाकडास लावावे, ओल्या फुलांचा हार स्वतंत्र खिळ्यास घालावा, समई तसबिरीच्या अगदी खाली ठेवू नये. पश्चिमेचा पाऊस झोडपतो त्या भिंतीवर तर देव टांगूच नये. देवळाच्या सभामंडपातील तसबिरींसही हेच लागू. तेथे तर देणगीदाराचे नाव बहुधा खालच्या कडेवरच लिहिलेले असते.

आणखी एक नियम आम्ही पाळतो. जुनी चौकट उघडली की आत जे सापडेल, चिठ्ठी, अंगाऱ्याची पुडी, वाळलेले फूल, कागदाचा कपटा, ते पाकिटात घालून नव्या पाठीवर चिकटवून देतो. काय ठेवावे आणि काय टाकावे हे ठरवण्याचा अधिकार आमचा नव्हे.

त्या प्रसंगानंतर काही वर्षांनी तीच बाई तीच तसबीर घेऊन पुन्हा आली. काच तडकली होती. तीर्थरूप तेव्हा हयात नव्हते. आम्ही या वेळी चौकट चित्राहून मोठी केली आणि चित्राच्या खाली दोन बोटे कोरा कागद येईल अशी पुठ्ठ्याची खिडकी कापली. मग तिला म्हणालो, "माई, ती ओळ तोंडपाठ असेल तर सांगा, येथे लिहू." तिने क्षणभर विचार केला आणि लेखणीसाठी हात पुढे केला. तिथी लिहिली, शक लिहिला आणि आपले माहेरचे नाव स्वतः लिहिले. हात कापत होता, पण अक्षर वाचता येत होते. ते वडिलांचे अक्षर नव्हते आणि कधी होणारही नव्हते. कागद वाळेपर्यंत ती बसून राहिली. उठताना म्हणाली, "आतां ही कापूं नाका हां."

ती जाऊनही आता पुष्कळ काळ लोटला. गेल्या चवथीपूर्वी तिचा नातू तसबीर घेऊन आला होता. टांगण्याची दोरी कुजली होती. आम्ही पाठ तपासली. मागचा कागद शाबूत होता, कोठे कसर नव्हती, ओल नव्हती. म्हणून चौकट उघडली नाही. दोरी तेवढी बदलून दिली.