दुसरं पिल्लू

एस्पान्योला बेटावर उतरण्याआधी आमच्या गाईडने तीन सूचना दिल्या. पायवाट सोडायची नाही. कुठल्याही प्राण्यापासून दोन मीटर लांब राहायचं. आणि काहीही झालं तरी हात लावायचा नाही. ‘काहीही झालं तरी’ हे ती दोनदा म्हणाली. मला वाटलं, रोज तेच तेच सांगून सवय झाली असेल.

गॅलापागोस बेटं इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून पश्चिमेला जवळजवळ हजार किलोमीटरवर आहेत. समुद्राच्या तळातून वर आलेले हे ज्वालामुखी कधीच कुठल्या खंडाला जोडलेले नव्हते. त्यामुळे इथं जे काही जिवंत आहे, त्याचे पूर्वज उडत आले, पोहत आले, वाहत आले, नाहीतर माणसाने आणले. चार्ल्स डार्विन १८३५ साली इथे पाच आठवडे होता, तेवढ्यावर या बेटांचं नाव शाळेच्या पुस्तकापर्यंत पोचलं. आता बेटांची ९७ टक्के जमीन राष्ट्रीय उद्यानात येते आणि परवानाधारक गाईडशिवाय तिच्या बहुतेक भागात पाऊल ठेवता येत नाही. एका गाईडमागे सोळा माणसं, म्हणून बऱ्याचशा बोटीही सोळा जणांच्याच.

मी डॅलसला एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. जानेवारी २०२५ मध्ये रजा घेतली नसती तर ती बुडणार होती. उद्यानाचं प्रवेशशुल्क नुकतंच शंभर डॉलरवरून दोनशेवर गेलं होतं. बोटीचं तिकीट त्याहून कितीतरी महाग. पण पुएर्तो आयोरा गावात जाऊन थांबलं, तर कधीकधी शेवटच्या क्षणी रिकामी राहिलेली जागा कमी पैशात मिळते. मला मिळाली. इंजिनाच्या भिंतीला लागून, खालच्या मजल्यावर, पाच दिवसांसाठी. रात्रभर बोट चालायची तेव्हा उशी थरथरायची. मला त्याचं काही वाटलं नाही. माझं लहानपण यंत्रमागाच्या खडखडाटात गेलं आहे, उलट आवाज बंद झाला की मला जाग येते.

एस्पान्योला चौथ्या दिवशी आलं. पुंता सुआरेझ नावाच्या टोकाला छोट्या रबरी बोटीतून उतरलो. धक्क्यावर समुद्रसिंह आडवे पडलेले, त्यांना वळसा घालून जावं लागलं. पुढच्या खडकांवर समुद्री इग्वाना एकमेकांवर रचल्यासारखे बसले होते. इतर बहुतेक बेटांवर ते काळपट असतात, इथे विणीच्या दिवसांत नर लाल-हिरवे होतात. मधूनच एखादा शिंकावं तसा नाकातून मीठ उडवत होता. दगड आपल्या पन्हाळ्यासारखाच, काळा बसाल्ट. फक्त सह्याद्रीतला सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आणि हा जेमतेम तीस-चाळीस लाखांचा. या बेटांमध्ये मात्र एस्पान्योला म्हातारं समजलं जातं.

कड्याच्या बाजूला नाझ्का बूबींची वसाहत होती. हा बदकापेक्षा मोठा पांढराशुभ्र समुद्रपक्षी. पंखांना काळी किनार, तोंडावर काळा मुखवटा, चोच पिवळसर केशरी. घरटं म्हणजे जमिनीवर चार खडे आणि काटक्या. पायवाटेला इतकं लागून की दोन मीटरचा नियम पाळायला आम्हालाच अंग चोरावं लागत होतं. एका घरट्यात आई, की बाप, माहीत नाही, बसला होता आणि त्याच्या पायाशी दोन पिल्लं होती. एक दुसऱ्याच्या दीडपट. दोघांच्याही अंगावर नीट पिसं नव्हती.

मी कॅमेरा लावला. मोठ्या पिल्लाने लहान्याच्या मानेला चोचीत धरलं आणि ढकललं. मला आधी तो खेळ वाटला. मग पुन्हा. मग पुन्हा. अंग धड सावरता येत नव्हतं त्याला, पण ढकलणं येत होतं. दहा-बारा मिनिटांत लहान पिल्लू खड्यांच्या बाहेर उन्हात पडलेलं होतं, हातभर अंतरावर. ते मान उचलून परत यायला बघत होतं. मोठं पक्षी सगळं पाहत होतं. मग ते जरासं सरकलं, आतल्या पिल्लावर सावली धरली आणि समुद्राकडे तोंड करून बसलं.

आमच्यात दहाएक वर्षांचा एक मुलगा होता. त्याने विचारलं, उचलून आत ठेवलं तर?

“ते परत ढकलेल,” गाईड म्हणाली. “आणि आपण ठेवायचंच नाही.”

तिने मग समजावून सांगितलं. नाझ्का बूबी बऱ्याचदा दोन अंडी घालतात, पण मोठं करतात एकच पिल्लू. पहिलं अंडं आधी फुटतं, दुसरं साधारण पाच दिवसांनी. पहिलं उबलंच नाही किंवा जन्मून लगेच मेलं, तर दुसरं कामी येतं. शास्त्रज्ञ त्याला विम्याचं अंडं म्हणतात. पहिलं धडधाकट असेल तर विम्याची गरज संपते आणि थोरलं काही दिवसांतच धाकट्याला बाहेर काढतं. अन्न भरपूर असलं तरी. याच बेटांवरच्या निळ्या पायांच्या बूबींमध्ये असं नाही. तिथे मासे कमी पडले तरच थोरलं धाकट्यावर उठतं, पुरेसे असले तर दोन्ही जगतात.

माझ्या धंद्यात याला स्टँडबाय म्हणतात. मुख्य सर्व्हर पडला तर दुसरा उभा असावा लागतो. मुख्य नीट चालतोय म्हटल्यावर दुसऱ्यावर कोणी खर्च करत नाही. हे माझ्या लगेच लक्षात आलं आणि मी मनातल्या मनात खूशही झालो की काय नेमकी उपमा सुचली. त्यानंतर दोन-तीन पावलांवर पप्पांचं वाक्य आठवलं.

आम्ही इचलकरंजीचे. पप्पा खर्चीवाले, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं आणि माग आमचे, मीटरवर मजुरी. आठ माग होते. २०१४ साली मला पुण्यात एका खासगी कॉलेजात इंजिनियरिंगला घातलं, तेव्हा त्यातले चार विकले. दोन वर्षांनी धाकटी बहीण बारावी झाली. मनूला माझ्यापेक्षा नऊ टक्के जास्त होते. तिलाही पुण्याला यायचं होतं. बाजार बसलेला होता, माझ्या कर्जाचं ओझं होतंच. एका रात्री जेवताना पप्पा भाताकडे बघत म्हणाले, “एकाचं तरी नीट होऊ दे.” आई काही बोलली नाही. मनू उठली आणि तिने ताटं उचलली. ती गावातच बी.कॉम.ला गेली.

इथवरची गोष्ट मी पुष्कळांना सांगितलेली आहे. पुण्यात मित्रांना, अमेरिकेत एका मैत्रिणीला. सांगताना मी नेहमी परिस्थितीला दोष देतो, कधी आईवडलांच्या पिढीला देतो. ऐकणाऱ्याला वाईट वाटतं आणि मी संवेदनशील ठरतो.

न सांगितलेला भाग असा आहे. २०१९ साली मनूचा फोन आला. बी.कॉम. झालं होतं, तिला सीए करायचं होतं. पुण्यात क्लास, राहणं, सगळं मिळून तिने एक आकडा सांगितला. मला नोकरी लागून वर्ष झालं होतं. मी म्हणालो, “पुढच्या वर्षी बघू.” तिने “बरं” म्हटलं. त्याच महिन्यात मी कॅमेरा घेतला. बॉडी आणि लांब पल्ल्याची लेन्स, दोन्ही मिळून तिच्या आकड्याच्या वर गेलं. पुढचं वर्ष आलं, कोविड आला, मग माझं अमेरिकेचं ठरलं. तिने पुन्हा विचारलं नाही. मीही तो विषय काढला नाही.

त्याच कॅमेऱ्यात आता एस्पान्योलाचं ते पिल्लू होतं. रात्री खोलीत बसून मोजले, एकसष्ट फोटो.

झोप येईना म्हणून वर डेकवर गेलो. बोट फ्लोरेआनाकडे निघाली होती. गाईड वर चहा घेत बसली होती. ती सान क्रिस्तोबाल बेटावरच जन्मलेली. मी तिला विचारलं, रोज हे बघून त्रास होत नाही का? आणि हात न लावण्याचा नियम थोडा सोयीचाही नाही का, मनाला?

ती म्हणाली, नियम तू अर्धाच ऐकला आहेस. मग तिने त्याच बेटावरच्या कासवांची गोष्ट सांगितली. एस्पान्योलाची महाकाय कासवं दर्यावर्द्यांनी जहाजांवर भरून नेली, कारण ती महिनोन्‌महिने उपाशी जिवंत राहायची आणि ताजं मांस मिळायचं. वर बेटावर शेळ्या सोडल्या. शेळ्यांनी चारा संपवला. १९६०च्या दशकात शोध घेतला तेव्हा साऱ्या बेटावर फक्त चौदा कासवं सापडली, बारा माद्या आणि दोन नर. एकमेकांना भेटणंही अवघड होईल इतकी पांगलेली. ती सगळी उचलून सांता क्रूझच्या केंद्रात आणली. सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातून तिसरा नर, दिएगो, परत मागवला. बेटावरच्या शेळ्या शेवटच्या शेळीपर्यंत संपवल्या. पिढ्यान्‌पिढ्या पिल्लं वाढवून बेटावर सोडली. २०२० साली ती पंधरा म्हातारी कासवंही घरी पोचवली, तेव्हा बेटावर दोन हजारांच्या आसपास कासवं झालेली होती. जगभर नाव झालं दिएगोचं. पण तपासणीत दिसलं की निम्म्याहून जास्त पिल्लं दुसऱ्याच एका नराची आहेत, ज्याला नावही नव्हतं, नुसता क्रमांक होता, ई-५.

“बूबीचं पिल्लू आम्ही उचलत नाही,” ती म्हणाली, “कारण ते आम्ही ढकललेलं नाही. शेळ्या आमच्या होत्या.”

मी खाली आलो. त्या रात्री इंजिनाच्या आवाजात एवढं कळलं की दिवसभर मी स्वतःला जी गोष्ट सांगत होतो ती चुकीच्या पक्ष्याची होती. नाझ्काच्या पिल्लाचा इलाज नसतो. आमच्या घरात निळ्या पायांचा मामला होता. २०१६ साली खरंच मासे कमी होते, आणि पप्पांनी जे केलं ते त्या टंचाईत केलं, मुलगीच मागे राहिली हे मात्र टंचाईने ठरवलेलं नव्हतं. २०१९ साली टंचाई उरलीच नव्हती. तेव्हा जे झालं ते निसर्गाने केलं नाही, परिस्थितीनेही नाही. ती माझी शेळी होती. आणि शेळ्यांच्या बाबतीत दोन मीटर लांब उभं राहून हळहळणं चालत नाही.

बोटीवर नेटवर्क नव्हतं. दोन दिवसांनी पुएर्तो आयोराला पोचल्यावर धक्क्याजवळच्या बाकावरून फोन लावला. इथले रात्रीचे नऊ, तिकडे सकाळचे साडेआठ. मनू एका सीएच्या ऑफिसात जीएसटीची कामं करते, निघायच्या गडबडीत होती.

“काय दादा, एवढ्या सकाळी? बरा आहेस न्हवं?”

मी पाठ करून ठेवलं होतं, ते सगळं विसरलो. म्हटलं, तू सीएचं विचारलं होतंस तेव्हा माझ्याकडे पैसे होते. मी कॅमेरा घेतला. आता करायचं असेल तर सगळा खर्च मी देतो.

बराच वेळ नुसता गाडीच्या किल्लीचा आवाज आला.

“मला माहीत होतं की,” ती म्हणाली. “तूच फोटो टाकला होतास कॅमेऱ्याचा.” मग म्हणाली, “दादा, माझं इंटर चालू आहे. सप्टेंबरला पहिला ग्रुप सुटला. दुसरा मे महिन्यात देतो.”

आमच्याकडच्या मुली ‘मी देतो, मी जातो’ असंच बोलतात. पुण्यात मी ते ऐकून लाजायचो.

“सांगितलं नाहीस?”

“विचारलास कुठं.”

पगारातून साठवून तिने नाव नोंदवलं होतं, पहाटे चारला उठून यूट्यूबवर लेक्चर बघत होती. घरी फक्त आईला माहीत होतं. माझी मदत यायची वाट बघत कोणी बसलेलं नव्हतं. मला क्षणभर, खरं सांगायचं तर, आनंदाच्या आधी अपमान वाटला. एवढ्या लांब समुद्रात जाऊन मी उदार झालो आणि तिथे जागाच शिल्लक नाही.

मग मी जे आधी विचारायला हवं होतं ते विचारलं. तुला काय लागतंय?

“तीन महिने बिनपगारी सुट्टी काढली तर दुसरा ग्रुप नक्की निघेल,” ती म्हणाली. “घरात माझा पगार लागतो, म्हणून काढत नाही. थांब, हिशोब करून सांगतो. आता बस चुकेल माझी.”

आठवड्याने मेलवर एक्सेलची शीट आली. तीन महिन्यांचं घरभाडं, लाइटबिल, पप्पांची औषधं, परीक्षेची फी, दोन टेस्ट सिरीज. एकही आकडा गोल केलेला नव्हता. खाली वेगळ्या रंगात आणखी एक तक्ता होता : परतफेड, जानेवारी २०२६ पासून, मासिक हप्ता.

तो तक्ता काढून टाक म्हणून मी उत्तर लिहायला घेतलं. मग खोडलं. पैसे पाठवले, आणि शीटमध्ये मिळाल्याच्या तारखेचा रकाना रिकामा होता, तो तिला भरू दिला.