बाजिंदला परभणीस नेण्याचा बंदोबस्त

आमचा बाजिंद जातीने कारवानी. मराठवाड्यात आणि खाली कर्नाटकाच्या सरहद्दीपर्यंत लांबट मुखाच्या, खोल छातीच्या आणि पोटाशी एकदम आवळत गेलेल्या शिकारी कुत्र्यांचा जो वंश पूर्वापार पाळला जातो, त्यातला तो एक. त्याच्याच मुधोळकडील भाऊबंदांना संस्थानी आश्रय लाभल्यामुळे त्यांचे नाव सर्वत्र झाले, इतके की २००५ साली डाक खात्याने देशी कुत्र्यांच्या चार जातींची तिकिटे काढली तेव्हा त्यांत मुधोळला स्थान मिळाले आणि आमच्या कारवानीची कोणी दखलही घेतली नाही. (या बाबतीत माझी तक्रार अद्याप कायम आहे, पण तिची दरखास्त येथे नको.) उंची जमिनीपासून खांद्यापर्यंत सव्वादोन फुटांच्या वर, वजन सत्तावीस किलो, आणि स्वभाव असा की फोडणीचा चर्र आवाज झाला तरी हा स्वयंपाकघराच्या दाराशी बसलेला महापुरुष उठून गोठ्यात जातो. बाजिंद हे नाव माझ्या मुलाने ठेवले, तेव्हा तो दीड महिन्याचे पिलू होता आणि त्याच्या शौर्याविषयी कोणताही पुरावा दप्तरी दाखल झालेला नव्हता.

गेल्या वैशाखात त्याच्या काखेशी एक गाठ दिसू लागली, आणि आमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांनी ती चाचपून, तिचा नमुना काढून तपासल्यावाचून काही सांगता येणार नाही, तेव्हा कुत्र्याला परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात घेऊन जावे, असा स्पष्ट अभिप्राय दिला. हे महाविद्यालय १९७२ सालचे; त्याच्या चिकित्सालयात आमच्या भागातील बैल, म्हशी, शेळ्या वर्षानुवर्षे जात आलेल्या असल्यामुळे स्थळाविषयी शंका नव्हती. शंका होती ती वाटेविषयी. आमच्या वालूर गावापासून परभणीपर्यंतचे अंतर माणसाला काहीच नाही. परंतु ज्याने चारचाकी वाहनाकडे पाहताच शेपूट पोटाखाली घ्यावे, अशा जनावराला तेवढाच प्रवास देशांतरासारखा असतो.

वाहनांचा विचार केला. मानवत रोडपर्यंत कसेबसे जाऊन पुढे आगगाडी धरावी, असे एकाने सुचविले. पण रेल्वेत कुत्र्याची जागा म्हणजे बहुधा गार्डच्या डब्यातील पेटी, आणि अंधारी पेटी, लोखंडाचा खडखडाट व मालकाचा वियोग ही तिन्ही संकटे एकाच तिकिटात विकत घेण्याचे मला काही कारण दिसेना. आमच्या सालगड्याचे मत याहून सरळ होते. "मालक, ह्ये काय मोटारीत बसायचं जनावर न्हाई. टेंपो सांगा, चारी पाय बांधा अन् टाका," असे तो म्हणाला, आणि त्यात क्रौर्य नव्हते, वासरे, बोकड त्याने आयुष्यभर असेच नेलेले पाहिले होते. तिसरा उपाय गुंगीच्या औषधाचा. तो मी डॉक्टरांपुढे मांडला, तेव्हा त्यांनी जे सांगितले ते सर्वांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे: ज्या कुत्र्यांच्या अंगावर चरबी नाममात्र असते, अशा शिकारी जातींत गुंगीची काही औषधे अपेक्षेपेक्षा फार वेळ रेंगाळतात, शिवाय जुन्या प्रचारातील काही औषधांनी शरीर ढिले पडते, पण आतली भीती तशीच जागी राहते, म्हणजे जनावर घाबरलेले असूनही त्याला ते दाखविण्याची ताकद राहत नाही. पाहणाऱ्याचे समाधान होते, एवढाच त्याचा उपयोग. म्हणून घरी होती ती जुनी मारुती आठशे, चालवायला भाचा, आणि बाजिंदच्या शेजारी मी स्वतः, अशी तजवीज ठरली.

माझी उभी हयात तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून गेली, आणि त्या नोकरीने मला एवढे शिकविले आहे की कोणत्याही प्रकरणात आधी जागेची पाहणी करावी, मग हुकूम काढावा. यापूर्वी लस टोचण्यासाठी बाजिंदला मोटारीतून एकदा सेलूस नेले होते, तेव्हाचा त्याचा सर्व व्यवहार माझ्या डोळ्यांपुढे होता. तो मागच्या आसनावर उभा राहिला होता, कारण इतक्या लांब पायांच्या कुत्र्याला आखूड, उतरत्या आसनावर बसता येत नाही. आसनावरील रेक्झिनवर त्याची नखे घसरत होती. आणि प्रत्येक गतिरोधकाला त्याचे पुढचे दोन पाय आसन व पुढची खुर्ची यांच्यामधल्या खड्ड्यात जात, तेथून ते वर काढण्याच्या खटपटीत मागचे पाय निसटत, आणि ते सावरतात न सावरतात तोच पुढचा गतिरोधक येई. या सगळ्या वेळात तो पुनःपुन्हा जांभया देत होता. याला झोप आली आहे, असे भाच्याला वाटले. वास्तविक झोपेचा लवलेश नसताना दिलेली जांभई, ओठांवरून वारंवार फिरणारी जीभ, कडेला पांढरा दिसणारा डोळा आणि हनुवटीवरून लोंबणारी लाळ ही कुत्र्याच्या भयाची साक्षीपुराव्यासह दिलेली जबानी असते. ती नीट वाचल्यावर माझी अशी खात्री झाली की हा प्राणी मोटारीला भीत नाही, वेगाला भीत नाही, परभणीला तर नाहीच नाही. पायांखाली जमीन नाही, याला तो भितो. तेव्हा बंदोबस्त करावयाचा तो कुत्र्याचा नव्हे, जमिनीचा.

त्या खड्ड्यात काय भरावे यावर घरात बराच खल झाला. कापसाचे पोते मऊ खरे, पण मऊपणाच तेथे नडतो. पाय रुततो आणि तोल अधिकच जातो. अखेर सरकीचा विचार सुचला, आणि तो इतका चपखल निघाला की त्याचे श्रेय कोणी मागितले तर मी सहजासहजी देणार नाही. सरकी दाणेदार आणि वजनदार. पोते पाऊणच भरून शिवले की ते खड्ड्याच्या कानाकोपऱ्यांत शिरते, खुर्च्यांखालच्या पोकळीतही पसरते, आणि वरून तुडवले की एकजीव होऊन बसते. गाडी कितीही हलली तरी ते आपली जागा सोडीत नाही. अशी दोन पोती दोन्ही बाजूंना आसनाच्या बरोबरीने दाबून भरली, आसनाचा उतार घडी केलेल्या गोधडीने मोडला, सर्वांवर दुसरी जाड गोधडी आणि तिच्यावर गोणपाट ताणून त्याच्या कडा आसनाच्या फटीत खोचल्या. गोणपाटाचे विशेष हे की त्यात नखे धरतात. मी स्वतः त्यावर गुडघे टेकून रांगून पाहिले, आणि मामाला या वयात मोटारीत रांगताना पाहून भाच्याने काय तोंड केले, ते येथे नमूद करीत नाही.

यापुढचे काम धीराचे होते. मोटार अंगणात उभी, इंजिन बंद, आणि मागची दोन्ही दारे सताड उघडी. भित्र्या कुत्र्याला एका दाराची मोटार ही गुहा वाटते. दोन्ही दारांतून पलीकडची तुळस दिसू लागली की तोच एक बोळ होतो, आणि बोळातून जाण्यास बहुतेक कोणाची हरकत नसते. पहिल्याने दुधात कुस्करलेली भाकरी उंबऱ्यावर, म्हणजे दाराच्या खालच्या पट्टीवर. मग ती थाळी आत सरकत गेली. मग बाजिंदने पुढचे पाय वर ठेवले आणि बराच वेळ तसाच उभा राहिला, निम्मा मोटारीत आणि निम्मा वालुरात. त्याला मागून ढकलण्याचा मोह या क्षणी सर्वांना होतो. आम्ही ढकलले नाही. एका संध्याकाळी तो आपण होऊन इकडून चढला, गोणपाटावरून चार पावले टाकून तिकडून उतरला, आणि लगेच वळसा घालून पुन्हा इकडे आला, जणू काही हे त्यालाच सुचले होते. त्यानंतर पलीकडचे एक दार लागले, मग अलीकडचे. मग दारे बंद असता इंजिन सुरू झाले. मग वेशीपर्यंत फेरी. ज्या पायरीवर त्याने जांभई दिली, त्या पायरीच्या एक पायरी खाली आम्ही परत येत असू.

पट्ट्याविषयी थोडे विस्ताराने सांगतो. कारवानीची मान त्याच्या डोक्याहून फारशी बारीक नसते, म्हणून गळ्यातला पट्टा तो मागे सरून सहज काढतो, आणि न निघाला तर जोराच्या ब्रेकला सगळा भार गळ्यावर येतो; दोन्ही प्रकार वाईट. शहरात यासाठी छातीचे तयार पट्टे मिळतात, पण ते दुकानातल्या गुबगुबीत कुत्र्यांच्या मापाचे. आमच्या सालगड्याने जुन्या बाजेची नवार काढली, दाभण-सुतळी घेतली आणि छातीवरून एक, पुढच्या पायांच्या मागून एक असे दोन वेढे पाठीवर एका कडीत आणून जोडले. काखेतल्या गाठीला नवार घासू नये म्हणून तेथे जुन्या धोतराची घडी शिवली. पाय बांधा म्हणणाराच हा मनुष्य, पण हातात काम आले की मताचा आग्रह धरीत नाही. मोटारीतला माणसांचा सुरक्षापट्टा त्या कडीखालून ओवून लावला, एवढाच लांब की कुत्र्याला उभे राहता यावे, कूस बदलता यावी, मात्र पुढच्या खुर्च्यांपर्यंत पोचता येऊ नये. चालकाच्या मांडीवर सत्तावीस किलोचे भय येऊन आदळले, तर त्याच्यासह सर्वांचाच पंचनामा व्हायचा.

जनावरांच्या वाहतुकीचे १९७८ सालचे सरकारी नियम आहेत. त्यांत कुत्र्याला उन्हाळ्यात दर चार तासांनी आणि हिवाळ्यात दर सहा तासांनी पाणी द्यावे, असे सांगितले आहे. वैशाखातल्या परभणीत मला चार तास फार वाटले. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ तळपायांपुरताच. बाकी सगळी उष्णता त्याला धापा टाकून बाहेर घालवावी लागते, आणि बंद मोटार उन्हात दहा मिनिटे उभी राहिली तरी आतली हवा दहाएक अंशांनी चढते. म्हणून पहाटेच निघावे, वाटेत चहासाठी थांबलो तरी एकाने गाडीतच बसावे, आणि जेवण आदल्या रात्री हलके द्यावे, असे ठरले. काचा चार बोटेच खाली. डोके बाहेर काढून वारा खाणारा कुत्रा चित्रात शोभतो. आमच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरमागून जाताना त्याच्या डोळ्यांत काय जाईल, हे चित्रकाराला ठाऊक नसते.

निघालो तेव्हा तांबडे फुटत होते. गावातल्या बारवेवरून गेलो. चक्राकार पायऱ्यांची ही बारव गावकऱ्यांनी श्रमदानाने गाळ उपसून पुन्हा उजेडात आणल्यापासून लांबलांबचे लोक ती पाहायला येतात, आणि त्यांच्या मोटारी हीच आमच्या बाजिंदची वाहनांशी खरी तोंडओळख. दुधना नदीपर्यंत तो उभा होता. पण हे उभे राहणे निराळे होते: चारी पाय किंचित फाकलेले, नखे गोणपाटात रोवलेली, आणि वळण आले की अंगाचा भार तो आपण होऊन उलट बाजूला देत होता. भाच्याला मी एकच ताकीद दिली होती, की ब्रेक असा लाव की पुढे पाण्याने भरलेली घागर आहे. खड्डा दिसताच तो आधीपासून वेग उतरवी, त्यामुळे मागच्या वाहनांनी आमचा बराच उद्धार केला. कल्याण-निर्मल महामार्गाला लागल्यावर रस्ता गुळगुळीत झाला, तेव्हा बाजिंदने एकदा खाली पाहिले, दोनदा जागच्या जागी गरगर फिरला, आणि गोणपाटावर अंग टाकून हनुवटी माझ्या गुडघ्यावर ठेवली. लाळ गळत होतीच. धोतराचा तो भाग परभणीपर्यंत चिंब झाला. जांभई मात्र त्यानंतर आली नाही.

चिकित्सालयात गाठीतून सुईने नमुना घेण्यासाठी त्याला अल्पशी गुंगी द्यावी लागली. डॉक्टरांनी जात विचारून, वजन करून मगच मात्रा काढली, आणि कुत्रा स्वतःच्या पायांवर नीट उभा राहीपर्यंत मोटारीत घालायचा नाही, असे बजावले. म्हणून आम्ही कडुलिंबाखाली बसून राहिलो. शेजारीच पूर्णेकडचे एक गृहस्थ आपला कुत्रा घेऊन बसले होते. टेंपोतून आणलेला, पाय बांधलेला, दोरीने मनगटाएवढ्या जागेतले केस घासून गेलेला. त्यांनी आमची नवार हाताने चाचपून पाहिली, कडी कुठे बसवली ते पाहिले, आणि माप मागितले. मी केसपेपरच्या पाठीवर छातीचा घेर, मानेच्या मुळापासून कडीपर्यंतचे अंतर आणि सरकीची दोन पोती, पाऊण भरलेली, असे तपशीलवार लिहून दिले. दोन दारांची हकीकतही सांगितली.

"पण काका," ते म्हणाले, "टेंपोला पलीकडून दार नाही. मोटार आहे ती मेव्हण्याची, आणि तो कुत्र्याला आत पायही ठेवू देणार नाही."

मी त्यांना सांगितले की कुत्र्याचा पाय आसनाला लागतच नाही, खाली गोधडी असते आणि वर गोणपाट. हे मेव्हण्याला आधी दाखवा, रिकाम्या मोटारीत, कुत्र्याशिवाय. त्यांनी कागदावर तेही लिहून घ्यायला लावले. मेव्हण्याला कोणत्या पायरीपासून सुरुवात करावी, हे मात्र त्यांचे त्यांनीच ठरवायचे होते.