संथ चालीने द्राक्षांच्या वाटेवर

फ्रान्समध्ये नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या आमच्या कन्येने गेल्या दिवाळीत एक बेत सुचविला. तेथील बर्गंडी प्रांतात बोन या गावापासून सांतने या गावापर्यंत द्राक्षमळ्यांतून जाणारी सुमारे वीस किलोमीटरची सायकलवाट आहे. सोबत वाटाड्या असतो, सामान गाडीतून पुढच्या मुक्कामी पोहोचते, आणि प्रवासी दिवसभर रमतगमत सायकल चालवितात. बर्गंडीच्या या मळ्यांना 2015 साली युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला, असेही तिने आवर्जून सांगितले. "पप्पा, तुम्ही तळवड्यात रोज सायकल चालवताच, मग इथे का नको?" हा तिचा युक्तिवाद होता.

आमच्या सौभाग्यवतींनी त्यावर एकाच वाक्यात निकाल दिला. "जे आपण प्यायचे नाही, त्याच्या बागा बघायला सातासमुद्रापार कशाला? नाशिक काय वाईट आहे?"

नाशिकचे नाव निघताच मी लगेच होकार दिला. त्यामागचे कारण मात्र मी त्या वेळी कोणास सांगितले नाही.

आमच्या तळवड्यात सायकल ही पहाटेची गोष्ट आहे. सॉफ्टवेअर पार्कच्या बसगाड्या आणि चाकणकडे धावणारे कंटेनर रस्त्यावर येण्यापूर्वी देहूपर्यंत जाऊन यायचे, हा निवृत्तीनंतरचा माझा नित्यक्रम. तेवढ्या सरावावर आम्ही फेब्रुवारीत नाशिकच्या तीन दिवसांच्या सहलीत नाव नोंदविले. आमच्यासह दहा सहप्रवासी, एक तरुण वाटाडी, मागून येणारी सामानाची गाडी, आणि दिवसाकाठी पंचवीस-तीस किलोमीटर. कांदा-लसणाविना जेवण आणि सूर्यास्तापूर्वी मुक्काम, या आमच्या दोन अटी त्याने आनंदाने मान्य केल्या.

पहिल्या दिवशी गोदावरीच्या काठाने गंगापूर धरणापर्यंत गेलो. धरणाच्या परिसरात आज वाइनरींची दाटी आहे. राजीव सामंत यांच्या सुला या कंपनीची पहिली वाइन 2000 साली येथूनच बाजारात आली आणि 2001 साली राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून वाइनला करसवलती दिल्या. फ्रान्समध्ये द्राक्षांची तोडणी सप्टेंबरच्या सुमारास होते, तर आपल्याकडे जानेवारी ते मार्च. आपल्या उष्ण हवेत वेल विश्रांती घेत नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, अशी वर्षातून दोनदा त्याची छाटणी करतात आणि पीक एकदाच घेतात.

मोटारीतून सगळ्या बागा सारख्याच दिसतात. सायकलवरून फरक कळतो. खाण्याच्या द्राक्षांचे वेल मांडवावर किंवा इंग्रजी वाय आकाराच्या आधारावर चढविलेले असतात आणि निर्यातीचे घड कागदात गुंडाळून ठेवलेले असतात. वाइनच्या द्राक्षांचे वेल तारेवर बुटके, कुंपणासारखे उभे असतात. त्यांचा मणी लहान, सालीने जाड आणि बियांचा असतो. तो कोणी पाटीत मांडून विकत नाही आणि बेदाण्यालाही चालत नाही. सुज्ञ वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण माझी सारी कथा त्या लहानशा मण्याभोवती आहे.

दुसऱ्या दिवशी दिंडोरीचा रस्ता होता. याच रस्त्यावर, नाशिकच्या वेशीपाशी म्हसरूळ येथे गजपंथा हे सिद्धक्षेत्र आहे. सात बलभद्र येथून मोक्षाला गेले, अशी श्रद्धा आहे. आमचे घर श्वेतांबर, पण तीर्थाच्या पायरीशी पंथ कोण विचारतो! सकाळीच दर्शन घेतले. खाली उतरताना मी सौभाग्यवतींना म्हणालो, "आज दुपारी मला एका शेतकऱ्याकडे जायचे आहे." आणि जे वीस वर्षे मनात होते, ते सांगितले.

2005 साली मी दिंडोरी तालुक्याचे काम पाहणाऱ्या शाखेत कर्ज अधिकारी होतो. एका शेतकऱ्याचा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला. चार एकरांत वाइनच्या द्राक्षांची लागवड, तारांचा आधार, ठिबक सिंचन, आणि सोबत एका वाइनरीचा खरेदी करार. कागदपत्रे चोख होती. मन मात्र अडले. पंधरा कर्मादानांत रसवाणिज्य येते. मद्याचा व्यापार श्रावकाला वर्ज्य. मग मद्याच्या द्राक्षांना कर्ज देणारा मी कोण?

मी स्वतःची समजूत घातली, तीही शास्त्राच्याच आधाराने. सामायिकात आपण श्रावक जो नियम घेतो, तो दोन करणांचा असतो: करणार नाही, करविणार नाही. अनुमोदनेचाही संपूर्ण त्याग हा साधूंचा मार्ग. मी मद्य करीत नव्हतो. करवीतही नव्हतो. पैसा बँकेचा, शेत त्याचे, कारखाना तिसऱ्याचा. माझी फक्त शिफारस. आठ दिवस मी हा विचार केला, मग जीपमधून अर्ध्या तासाची स्थळपाहणी केली आणि सही केली.

पुढे माझी बदली झाली. 2008-09 च्या मंदीत वाइनचा खप घसरला. कित्येक वाइनरींनी खरेदी थांबविली आणि अनेक शेतकऱ्यांनी उभे वेल उपटले. आमच्या त्या खातेदाराचे कर्ज अनुत्पादक झाल्याचे मला एका बैठकीतल्या यादीवरून समजले. नाव ओळखीचे वाटले. मी पान उलटले.

सौभाग्यवतींनी सारे शांतपणे ऐकले आणि एवढेच म्हणाल्या, "आता सायकल हळू चालवा. घर चुकायला नको."

ते चुकले नाही. वाटाड्याने इतरांना रसवंतीवर थांबविले आणि आम्ही दोघे आत वळलो. शेतकरी माझ्याच वयाचे. ओळख पटायला वेळ लागला, पण पटल्यावर ओसरीवर सतरंजी अंथरली गेली. घरात मुलगा, सून, नातवंडे होती. दीड एकर विकून त्यांनी बँकेशी एकरकमी तडजोड केली होती. उरलेल्या अडीच एकरांत आता खाण्याची द्राक्षे आहेत.

मी म्हणालो, "दादा, त्या वेळी सही करताना माझ्या मनात शंका होती." त्यांना वाटले, मला त्यांच्या परतफेडीची शंका होती. मग मी धर्माची अडचण सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले.

"साहेब, तुमच्या धर्माचं मला कळत नाही," ते म्हणाले, "पण तेव्हा तुम्ही एकदाच आलात. जीपमधून. बाग नीट हिंडला असतात तर मी तुम्हाला विचारणार होतो, यांनी माल नाही उचलला तर विकायचा कुठं? तुम्ही घाईत होतात. मग मीच म्हटलं, बँकेनं बघितलंय म्हणजे बरोबरच असणार."

आवाजात राग नव्हता. म्हणूनच मला उत्तर सुचले नाही.

माझ्या वडिलांचे मंचरला किराणा दुकान होते. ते फारसे शिकलेले नव्हते, पण एका गिऱ्हाइकाच्या भरवशावर त्यांनी कधी माल भरला नाही. "दुसरं गिऱ्हाईक कोण?" हा त्यांचा पहिला प्रश्न असे. मी एम.कॉम. झालो, बँकेच्या परीक्षा दिल्या, आणि ज्या मण्याला जगात एकच खरेदीदार आहे, त्याच्या लागवडीसाठी चार एकर तारण घेताना तो प्रश्न विचारला नाही. आठ दिवस मी विचार केला हे खरे, पण तो माझ्या व्रताला डाग लागेल काय, एवढाच. त्या माणसाच्या घराचे काय होईल, हा विचार मी आठ मिनिटेही केला नाही. करण, करावण, अनुमोदन यांचा काटेकोर हिशेब मांडताना समोरचा जीव हिशेबाबाहेर राहिला. जीवदयेच्या धर्मात याहून मोठी चूक ती कोणती?

मद्य वर्ज्य आहे, हे माझे मत तसूभरही बदललेले नाही. तिसऱ्या दिवशी सहप्रवासी वाइनरीत गेले, तेव्हा आम्ही दोघे बाहेर झाडाखाली बसून द्राक्षाचा ताजा रस प्यालो. पण मर्यादा पाळली म्हणून कर्तव्य संपत नाही, हे मला त्या ओसरीवर समजले.

निघताना त्यांच्या सुनेने द्राक्षांनी भरलेली पाटी सायकलीला बांधून दिली. पैसे घेतले नाहीत. सौभाग्यवतींनी नातवंडांच्या हातावर खाऊसाठी काही ठेवले. ते दीड एकर मी परत देऊ शकत नाही. क्षमा मात्र मागितली, आणि ती त्यांनी, "असू द्या साहेब," एवढ्या शब्दांत दिली.

आपले साधू-साध्वी पायी विहार करतात, समोरची चार हात भूमी पाहून पाऊल टाकतात. ईर्यासमिती ही केवळ मुंगी वाचविण्यासाठी असते, असे मी समजत होतो. संथ चालणाऱ्याला माणूसही दिसतो, हे सायकलीने शिकविले.

तळवडे-चाकण पट्ट्यात आपल्या समाजातील आणि इतरही अनेक तरुणांचे छोटे कारखाने आहेत. पुष्कळांचा सारा माल एकाच मोठ्या कंपनीला जातो. सहलीहून परतल्यापासून कोणी कर्जाचे कागद दाखवायला आले, तर मी आधी त्यांच्या कारखान्यात जातो, सायकलवरूनच, आणि सगळे फिरून पाहतो. मग वडिलांचा तो प्रश्न विचारतो. काहींना तो आवडत नाही. गेल्या महिन्यात एका तरुणाने मात्र नवे यंत्र घेणे सहा महिने पुढे ढकलले आणि दुसरे गिऱ्हाईक शोधायला निघाला.

कन्येला फोनवर हे सारे सांगितले. ती म्हणाली, "पप्पा, मग बर्गंडी केव्हा?" येऊ म्हटले आहे.

लिहिताना जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.